न दुखणारं डोकं

४ फेब्रुवारी

लाडक्या आत्या,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्येच "थांब गं, ज्योतीवर काच आहे" असं म्हणून सटकता येत नाही.

सकाळचा पोहण्याचा वर्ग आत्ताच संपला. मुलं घरी गेली आणि तलाव पुन्हा सपाट झाला. पाण्यावरचा उजेड छतावर हलतोय आणि मी पाय पाण्यात सोडून कठड्यावर बसलेय. कागद जरा ओला झाला तर समजून घे. अशा वेळी मला बाबा दिसतात. रडू येत नाही, ते नुसते दिसतात, पलीकडच्या कठड्यावर माझ्यासारखेच पाय सोडून बसलेले.

गेल्या आठवड्यात मी इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला, जिथे फाटा फुटतो तिथे, एक बारीकसा फुगवटा येतो. तो दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं तिथे मुकाट बसून असतो. बहुतेकांचा कधी फुटतही नाही. फुटला तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. दवाखान्यात बाबांच्या उशाशी आपण दोघीच होतो. आजोबाही असेच उभ्याउभ्या गेले होते, हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "एका घरात दोघं म्हणजे बाकीच्यांनी बघून घ्यावं. आणि तुमच्या आत्यांनी तर सगळ्यात आधी. त्यांचे वडीलही गेले आणि भाऊही."

माझं झालं बघून. स्वच्छ आहे. सुई नाही, काही नाही, एका पांढऱ्या बोगद्यात आडवं व्हायचं. आणि आत इतकं शांत असतं आत्या, अगदी पाण्याच्या तळाशी गेल्यासारखं. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. मला तर बाहेर यावंसंच वाटेना.

जाशील ना?

तुझी मासोळी

१६ फेब्रुवारी

मासोळीबाई,

आशीर्वाद नेहमीचे, राग आजचा.

मला काय धाड भरलीय? माझं डोकं आजवर कधी दुखलं नाही. दुसऱ्यांचं दुखवलं असेल, ते वेगळं. न दुखणारं डोकं घेऊन दवाखान्यात जायचं म्हणजे विकतचं दुखणं घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली आणि आत काही निघालं, तर त्याचं मी करू काय? रोज उशाशी घेऊन झोपू?

शिवाय इथे मान वर करायला सवड नाही. कुठल्याशा प्रयोगशाळेला मध्ये फुगा असलेल्या वाकड्या नळ्या हव्यात. काच ज्योतीवर धरायची, मधासारखी झाली की रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची, फुगा आला की थांबायचं. थांबणं कळायला तीस वर्षं लागतात. मालक म्हणतो, अशी फुंकर या कारखान्यात दुसऱ्या कुणाला नाही. पगार वाढवायची वेळ आली की मात्र त्याला दुसरं काही तरी आठवतं.

तुझं स्वच्छ निघालं, माझा जीव भांड्यात पडला. मला तेवढं पुरे.

परवा दादा स्वप्नात आला होता. तुझे बाबा म्हणून नाही, माझा दादा म्हणून, अर्ध्या चड्डीतला. माझ्या टेबलापाशी उभा राहून एकेक नळी उचलून उजेडात धरत होता, बघत होता आणि परत ठेवत होता. मी म्हटलं, काय शोधतोस रे? तो नुसता हसला. सगळा कारखाना पाण्यात असल्यासारखा डुलत होता आणि एकही नळी वाजत नव्हती. जाग आली तेव्हा उशी ओली होती. वयाबरोबर झोपेत लाळ गळते म्हणतात, तसंच काही असेल.

सर्दीच्या दिवसांत केस वाळवत जा.

तुझी आत्या

२३ फेब्रुवारी

आत्या,

लाळ म्हणे. थापा कुणाला मारतेस?

मी शाळेत होते तेव्हा तू मला कारखाना दाखवला होतास. एक नवीकोरी नळी तू दोन काळसर काचांच्या मध्ये धरलीस, मागे दिवा लावलास, आणि त्या साध्या नळीत इंद्रधनुष्य उमटलं. मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "टाळ्या काय वाजवतेस? रंग दिसले म्हणजे आत ताण आहे. आज गुणाची दिसते, उद्या फळीवर ठेवल्या ठेवल्या तडकेल, कुणी हातही न लावता." मग तू ती पुन्हा भट्टीत ठेवलीस, सावकाश गार व्हायला. अशी बघितल्याशिवाय एकही नळी तुमच्या दारातून बाहेर पडत नाही. नळी काय तक्रार करते तुझ्याकडे, माझं दुखतंय म्हणून?

बाबांचंही डोकं दुखत नव्हतं. त्या सकाळी ते शिट्टी वाजवत दाढी करत होते. मी बाहेरून ओरडले, "सूर चुकतोय!" ते हसले, पुन्हा वाजवायला लागले, आणि शिट्टी थांबली. मला वाटलं माझ्या बोलण्याने थांबली. मी चहा गाळत राहिले.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं ते तू जावंस म्हणून.

मासोळी

२१ मार्च

मासोळे,

गेले होते. झालं समाधान?

त्या बोगद्याबद्दल सवडीने बोलू. आधी बातमी. डॉक्टरीण तुझ्याच वयाची पोर आहे, केस विस्कटलेले आणि आवाज मऊ. तिने पडद्यावर माझं डोकं फिरवून दाखवलं. काळोखात पांढऱ्या फांद्या, त्यांना बारीक फांद्या, त्यांना आणखी बारीक. माझ्या डोक्यात इतकं देखणं काही असेल यावर दादाचा कधी विश्वास बसला नसता. मी बघतच राहिले. मग तिने एका फाट्यापाशी बोट ठेवलं. तिथे एक कळी होती.

सात मिलिमीटर. मटाराच्या दाण्याएवढी.

जन्मभर मी नळीला असेच फुगे काढत आले. पण माझ्या फुग्याची भिंत सगळीकडून सारखी असते. याची कुठे जाड, कुठे पातळ, ते बाहेरून कळायची सोय नाही. मी विचारलं, फुंकलं की फुटेल का? ती म्हणाली, ठरेपर्यंत फुंकणं बंद ठेवू, रक्तदाबाची गोळी सुरू करू, आणि सिगारेट कायमची बंद. तिसरी गोष्ट सगळ्यात जिव्हारी लागली.

फुगवटा तसाच ठेवला तर कदाचित काहीच होणार नाही. किंवा एक दिवस दादासारखं होईल. आमच्या घराकडे आणि फुगवट्याच्या मापाकडे बघता तो भरून टाकावा, असं तिचं मत. बहुतेकांचं नीट होतं, पण काहींना ऑपरेशनच्या टेबलावरच झटका येतो. हात लुळा पडतो, वाचा जाते. म्हणजे वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. वाचा गेली तर बऱ्याच जणांना बरं वाटेल. पण हात गेले तर मी कोण?

मालकाने मला काळ्या काचांपाशी बसवलंय. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या नळ्या दिव्यासमोर धरते. दुपारी डोळा लागतो आणि रंग पापणीच्या आतही चालूच राहतात.

मला काय करावं ते कळत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. तू ये. येताना तुझा रिपोर्टही आण, डॉक्टरणीला घरातल्या सगळ्यांचं बघायचंय.

आत्या

२७ मार्च

आत्या,

रजा मंजूर झाली, मी येतेय. रिपोर्ट कुठेतरी ठेवलाय, सापडला तर आणते.

तुझं पत्र मी तलावाच्या तळाशी घेऊन गेले. म्हणजे कागद नाही, शब्द. तळाशी मांडी घालून बसले की वरचं जग काचेपलीकडे जातं, माणसांचे पाय ढगांसारखे तरंगतात, आणि मला नीट विचार करता येतो. मटाराचा दाणा. मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, इतकी वर्षं राहिलास, आणखी थोडे दिवस शहाण्यासारखा राहा.

हात गेले तर तू कोण, असं विचारतेस. तू माझी आत्या. मला दुसरं कुणी उरलेलं नाही. हात नसलेली आत्या मला चालेल, मी तुला भरवीन आणि तू मीठ कमी आहे म्हणून बडबडशील. पण आत्या नसली तर मी कुणाला पत्र लिहू?

तरी ठरव तूच. मी उंटावरून शेळ्या हाकणार नाही. तू जे ठरवशील त्याच्या शेजारी मी खुर्ची टाकून बसेन.

मासोळी

२ मे

माझ्या मासोळे,

तू गेल्यापासून घर उगीचच मोठं झालंय. तुझा टॉवेल दोरीवर तसाच आहे, मी काढला नाही.

अक्षर वाकडं आलंय. उजवा हात अजून थोडा झोपाळू आहे. डॉक्टरीण म्हणते, होईल जागा, घाई करू नका. काल मालक फळं घेऊन आला आणि ती एकेक करून ताटात मांडत बसला. शेवटी म्हणाला, तुमची खुर्ची कुणाला दिलेली नाही. त्याला एवढंच बोलता येतं.

मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी, त्या नळीतून आणखी बारीक नळी, अशी डोक्यापर्यंत गेली म्हणे ती पोर, आणि त्या कळीत केसासारखी तार वेटोळं करत करत भरली. आत रक्ताला फिरायला जागा नाही, म्हणजे तिला फुटायला कारण नाही. मी त्या वेळी तिथे नव्हतेच. मी एका काचेच्या घरात होते. खोलीतून खोली, सगळ्या ऊबदार, आणि पुढच्या खोलीत कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, सूर चुकवत. मी मागे मागे गेले. तो दादाच होता, दाढीला साबण लावलेला. मी म्हटलं, थांब, मी आले. तो म्हणाला, "अगं जा, दूध उतू जातंय." मी दूध बघायला वळले आणि डोळे उघडले, तर तुझं नाक दिसलं, लाल झालेलं. मासोळे, त्याला तुझा राग नाही. तू म्हणालीस म्हणून शिट्टी थांबलेली नाही. हे मी तुला समजूत म्हणून सांगत नाही, मी ऐकून आलेय.

आता तुझ्याकडे वळते.

मार्चमध्ये मी त्या बोगद्यात शिरले ती तुझी शांतता शोधत. आधी कानात बोळे घातले, वरून कानांवर टोप्या चढवल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मग सुरू झालं. ठाक ठाक ठाक, मग घरघर, मग पत्र्याच्या छपरावर हातोडे घेऊन कुणी नाचावं तसं. त्या गोंगाटात मला लख्ख कळलं की माझी मासोळी इथे कधी आडवी झालेलीच नाही. जी झाली ती याला पाण्याचा तळ म्हणणार नाही. मला हलायची बंदी होती, नाहीतर तिथूनच उठून तुझा कान धरला असता.

गप्प राहिले, कारण तू आलीस, माझी लघवीची भांडी उचललीस, खुर्चीत बसून झोपलीस. अशा पोरीला काय बोलायचं? पण आता बोलते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तुझ्यासारख्या सदा ओल्या मुलीला म्हणायची वेळ यावी? आजोबा, दादा आणि आता मी. आमच्या पंक्तीत तुझं पान मांडलंय की नाही, ते बघायला नको?

मी रागावलेय. त्याहून जास्त घाबरलेय. स्वतःसाठी मी इतकी घाबरले नव्हते.

आत्या

८ मे

आत्या,

खरं आहे.

डॉक्टरांनी तारीख दिली होती. मी गेले, बाहेरच्या बाकावर बसले, आतून पुकारा झाला, आणि मी उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर तुला पहिलं पत्र लिहिलं. तू जावंस म्हणून मला काहीतरी छान सांगायचं होतं. जिथे मला भीती वाटत नाही अशी एकच जागा मला माहीत आहे, तीच मी तुला दिली.

तुला वाटत असेल मी मरणाला घाबरले. तसं नाही. रोज कुणाची तरी आई येते, तिचं मूल माझ्या हातात देते आणि काचेपलीकडे जाऊन बसते. मूल माझ्या गळ्याला मिठी मारतं आणि आम्ही खोल पाण्याकडे जातो. माझ्या डोक्यात काही निघालं तर ते मला त्या आईला सांगावं लागेल. मग कोण देईल मूल माझ्या हातात? बघितलं नाही तर सांगावं लागत नाही, असा माझा हिशेब होता. मी दुसरं काही शिकले नाही आत्या. दुसरं काही मला येतही नाही.

पण तुझं पत्र आल्यापासून तो हिशेबही चुकला. काल एक लहानगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून पाण्यात पेंगत होती, आणि मला वाटलं, आत्ता झालं तर? तिला कठड्यावर बसवलं आणि बाहेर आले. मी रजा टाकलीय.

मासोळी

१२ मे

मासोळे,

पहिल्या गाडीने येतेय. तुझ्याकडे धड चहाची पूड नसते, ती घेऊन येते. बाकावर तुझ्या शेजारी मी बसेन. उठलीस तर दंड धरून खाली बसवीन, माझा डावा हात चांगला जागा आहे.

आत्या

६ जून

लाडक्या आत्या,

तुझी गाडी गेल्यावर मी फलाटावर बराच वेळ उभी होते. तुझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते मग तिथे करून घेतलं.

दोन मिलिमीटर. रोज सकाळी उठल्यावर हे दोन शब्द आधी येतात, मग खिडकी दिसते. डॉक्टरांचं बोलणं तूही ऐकलंस. इतक्या बारक्याला हात लावण्यात जास्त धोका, वर्षाने पुन्हा बघू, तोवर पोहा, जेवा, झोपा. त्यांनी पोहायला बंदी केली नाही. पण मुलांना घेऊन खोल पाण्यात एकटीने जायचं नाही, हे मी ठरवलं. व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, सोबत दुसरी शिक्षिका पाण्यात राहील.

काल मुलांच्या आयांना सांगितलं. तलाव रिकामा होता, छतावर उजेड हलत होता, आणि मला आपण स्वप्नात बोलतोय असं वाटत होतं. माझा आवाज पाण्यावरून जाऊन परत येत होता. मी म्हटलं, माझ्या डोक्यात असं असं आहे, बहुधा काही होणार नाही, तरी तुम्हाला माहीत असावं. कुणाला मूल काढून घ्यायचं असेल तर मला वाईट वाटणार नाही. हे शेवटचं खोटं होतं. एक आई मुलीचा हात धरून तशीच निघून गेली. मुलगी मागे वळून मला टाटा करत होती.  बाकीच्यांपैकी कुणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं.

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मोठा मुलगा माझ्या वर्गात, धाकटं बाळ कायम खांद्यावर, आणि पाणी गार आहे म्हणून रोज माझ्याशी भांडणारी, ती बाई. काल भांडली नाही. बाळ झोपलं होतं. पाण्याकडे बघत म्हणाली, "माझी आई अशीच गेली. कपडे वाळत घालताना. आणि मागल्या वर्षी मामा."

मी तिच्याकडे वळले.

"हे आधी बघता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "दुखतं का?"

"नाही. पण भीती वाटते."

"किती?"

"खूप."

 ती म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या. आत्ताच लावते, घरी गेले की माझा धीर जाईल."

पिशवीच्या तळाशी तिचा फोन होता आणि तो शोधायला तिला दोन्ही हात हवे होते. तिने इकडेतिकडे बघितलंही नाही. झोपलेलं बाळ उचललं आणि माझ्या हातात दिलं.

तुझी मासोळी